साडेनऊ वाजले की प्रॉमिनन्स फिका का पडतो?

सकाळी आठला सूर्याच्या कडेवर वडाच्या झाडासारखा प्रॉमिनन्स, म्हणजे कडेबाहेर तरंगणारा वायूचा ढग, उभा असतो. खोड वेगळं, पारंब्या वेगळ्या, मधल्या फटींतून काळं आकाश. साडेनऊला त्याच दुर्बिणीतून, त्याच आयपीसमधून बघावं तर तिथे लालसर धुराचा एक पुंजका. फोकस फिरवून होतो, ट्यूनिंग फिरवून होतं, झाड काही परत येत नाही.

एच-अल्फा, म्हणजे हायड्रोजनच्या एका लाल रंगातच सूर्य दाखवणारी, दुर्बीण घेतलेल्या बहुतेकांना हा अनुभव येतो. पुण्यातल्या आमच्या गच्चीवर मी स्वतः दोन हिवाळे तो घेतला. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "एटॅलॉन तापला, ट्यूनिंग सरकलं." एटॅलॉन म्हणजे दुर्बिणीतला नेमका तो रंग निवडणारा फिल्टर आणि ट्यूनिंग म्हणजे तो त्या रंगावर आणून बसवणं. मीही तेच धरून बसलो होतो आणि दर रविवारी अर्धा तास ट्यूनिंगच्या कड्याशी झटापट करत होतो. एकदा वहीत आकडेमोड केली आणि लक्षात आलं की आपण चुकीच्या जागी शोधतोय.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. प्रॉमिनन्सला मराठीत ज्वाला म्हणायची पद्धत आहे, पण फ्लेअरलाही, म्हणजे सूर्यावरच्या अचानक भडक्यालाही, ज्वालाच म्हणतात आणि त्या दोन पूर्णपणे वेगळ्या घटना आहेत. शिवाय प्रॉमिनन्समध्ये काही जळत नसतं. साधारण दहा हजार अंशांचा, म्हणजे भोवतालच्या मानाने थंड आणि दाट असलेला वायू चुंबकीय क्षेत्राच्या झोळीत, दहा-वीस लाख अंशांच्या प्रभामंडलात तरंगत असतो. म्हणून इथे मी प्रॉमिनन्सच म्हणणार. दुसरी गोष्ट डोळ्यांची. साध्या सोलर फिल्ममधून प्रॉमिनन्स कधीच दिसत नाही, त्यातून फक्त डाग दिसतात. तेजोमेघांच्या फोटोग्राफीसाठी जो 'एच-अल्फा' फिल्टर मिळतो तो सूर्यासाठी नाही. नाव एकच असलं तरी तो लावून सूर्याकडे बघितलं तर डोळा जाईल. इथून पुढचं सगळं सूर्यासाठीच बनवलेल्या, पुढचे-मागचे सगळे फिल्टर जागेवर असलेल्या दुर्बिणीबद्दल आहे.

आधी बिंबाकडे बघा

प्रॉमिनन्स फिका पडला की आपण प्रॉमिनन्सकडेच टक लावून बसतो. त्याऐवजी नजर बिंबावर न्या आणि तिथले फिलामेंट बघा, ते काळे, वळवळीत पट्टे. फिलामेंट म्हणजे समोरून दिसणारा प्रॉमिनन्सच. वस्तू एक, पार्श्वभूमी दोन. कडेबाहेर मागे काळं आकाश असतं म्हणून तो उजळ दिसतो, बिंबावर मागे झगझगीत पृष्ठभाग असतो म्हणून काळा दिसतो. निदानाची किल्ली याच फरकात आहे.

बिंबावरचा फिलामेंट दिसायला फिल्टर अगदी नेमका ६५६.२८ नॅनोमीटरवर, म्हणजे हायड्रोजनच्या रेषेवर, असावा लागतो. अर्ध्या अँगस्ट्रॉमने, म्हणजे ०.०५ नॅनोमीटरने, सरकला तरी फिलामेंट विरतो आणि खालचा साधा पृष्ठभाग व डाग वर येतात. कडेबाहेरच्या प्रॉमिनन्सला एवढं काटेकोर ट्यूनिंग लागत नाही. त्याचा प्रकाश मुळातच हायड्रोजनच्या रेषेत एकवटलेला असतो आणि मागे दुसरं काही झगझगत नसतं. मध्ये शंकू बसवून बिंब झाकणाऱ्या उपकरणात तर अनेक अँगस्ट्रॉम रुंदीचा फिल्टरही चालतो. म्हणजेच ट्यूनिंग बिघडलं तर आधी फिलामेंट जायला हवेत, प्रॉमिनन्स नंतर.

साडेनऊला माझ्याकडे नेमकं उलटं होत होतं. फिलामेंट ठीक, प्रॉमिनन्स धुरकट. इथेच ट्यूनिंगवरचा आरोप गळून पडतो.

आकडेही तेच सांगतात. एटॅलॉन म्हणजे अगदी थोडं अंतर ठेवून समांतर बसवलेल्या दोन काचा. मधली जागा हवेची असेल तर हवेची घनता बदलली की पार होणारी तरंगलांबी बदलते. थंडीत पुण्यात सकाळी सातला १२-१३ अंश आणि दहाला २३-२४ अंश धरा. दहा अंशांच्या फरकाने उघड्या एटॅलॉनमध्ये तरंगलांबी सुमारे ०.०६ अँगस्ट्रॉम सरकते. तुमच्या फिल्टरची रुंदी ०.७ अँगस्ट्रॉम असेल तर हा फरक तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. त्याने बिंबाचा पोत थोडा बदलेल, पण कडेवरचं झाड पुसलं जाणार नाही. हीच दुर्बीण पुण्यातून, म्हणजे ५६० मीटरवरून, सिंहगडावर सुमारे १३०० मीटरवर नेली तर दाब कमी झाल्याने ०.१ अँगस्ट्रॉमपेक्षा थोडी जास्त सरक निळ्या, म्हणजे कमी तरंगलांबीच्या, बाजूला होते. गडावर गेल्यावर ट्यूनिंग पुन्हा लावावं लागतं ते यामुळे. दाबावर चालणाऱ्या बंद एटॅलॉनमध्ये हा त्रास फारच कमी. अभ्रकाचा, हीटरवर चालणारा एटॅलॉन असेल तर त्याला दहा-पंधरा मिनिटं स्थिरावू द्या आणि पॉवर बँक उतरत नाही ना तेवढं बघा.

ट्यूनिंग खरंच सरकलंय का, हे तपासायची आणखी एक चांगली खूण कडेवरच आहे. रेषेवर नेमकं असताना कडेला गवतासारखी बारीक कुसळं दिसतात आणि ती थेट बिंबात मिसळतात. रेषेवरून हललात की बिंबाला दोन कडा दिसू लागतात. आत एक ठळक कडा आणि तिच्याबाहेर एक फिकट पापुद्रा. दोन कडा दिसल्या तर ट्यूनिंगचं कडं फिरवा. एकच दिसत असेल तर कड्याला हात लावू नका.

मग दोष कुणाचा?

बहुतेक सकाळी दोष गच्चीचा असतो.

काँक्रीटचा स्लॅब रात्रभर निवतो. सूर्य वर आला की तासा-दीड तासात तो तापायला लागतो आणि त्याच्यावरची हवा उकळीला आल्यासारखी हलू लागते. वॉटरप्रूफिंगचा काळा थर असेल तर आणखी लवकर. बिंब मोठं आणि उजळ असल्याने त्याच्यावर हे लगेच जाणवत नाही. प्रॉमिनन्सच्या पारंब्या मात्र आधीच अंधुक आणि बारीक. हवा त्यांचा प्रकाश चार-पाच आर्कसेकंदांत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फासून टाकते, फटी बुजतात आणि झाडाचा धूर होतो. खूण अशी की कडेवर डोळा ठेवलात तर ती करवतीच्या दात्यांसारखी धावताना दिसते.

आमच्या इथे गंमतीची गोष्ट अशी होती की आमची गच्ची पांढरी रंगवलेली, तरी त्रास होताच. एके दिवशी दुर्बिणीच्या नळीच्या रेषेत पुढे बघत गेलो तेव्हा कळलं. थंडीत सकाळी सूर्य आग्नेयेला असतो आणि त्या रेषेत शेजारच्या शेडचा पत्रा होता. आठला त्या पत्र्यावर दव असायचं, नऊला तो हाताला चटका देण्याइतका तापायचा. पुढच्या रविवारी दुर्बीण खाली सोसायटीच्या हिरवळीवर मांडली. झाडांमुळे तिथे सूर्य साडेआठशिवाय दिसत नाही, म्हणजे अर्धा तास बुडाला, पण त्या दिवशी अकरापर्यंत पारंब्या मोजता येत होत्या. गच्ची सोडणं शक्य नसेल तर निदान एसीचं बाहेरचं युनिट, पत्रा, डांबरी रस्ता यांवरून नजर जाणार नाही असा कोपरा शोधा, आणि दुर्बिणीभोवतीच्या स्लॅबवर बादलीभर पाणी मारा.

अरविंद भटनागर यांनी १९७५ साली उदयपूरची सौर वेधशाळा उभारली ती फतेहसागर तलावातल्या बेटावर. भोवती पाणी असलं की जमीन तापून उसळणारी हवा राहत नाही. आपल्याला तलाव मिळणार नाही, पण हिरवळ मिळू शकते.

दुसरा दोष आपल्या डोळ्याचा, आणि त्यावरचा उपाय फुकट आहे. आठला ऊन तिरकं असतं, साडेनऊला ते गच्चीवरून, भिंतीवरून, पांढऱ्या शर्टवरून डोळ्यांत येतं आणि बाहुली आक्रसते. डोक्यावरून दाट काळं कापड घ्या, जुन्या स्टुडिओतले फोटोग्राफर घ्यायचे तसं, आणि आत दोन-तीन मिनिटं नुसते थांबा. मग दुर्बीण थोडी सरकवून बिंब दृष्टिक्षेत्राबाहेर ढकला, फक्त कडेची एक कोर आत ठेवा. बिंबाचा झगमगाट गेला की जे नव्हतंच असं वाटत होतं ते वर येतं. मी ज्यांना ज्यांना हे करायला सांगितलं त्यांतल्या बऱ्याच जणांची तक्रार इथेच संपली. वर्धनही उगीच वाढवू नका. ४० मिलिमीटरच्या दुर्बिणीला चाळीस-पन्नास पट पुष्कळ झालं.

तिसरा दोष आकाशाचा. तो ओळखायला दुर्बीण लागत नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत असे उभे राहा की सूर्य टाकीच्या कडेमागे पूर्ण लपलेला असेल, आणि त्या कडेलगतचं आकाश बघा. सूर्याच्या अगदी जवळपर्यंत निळं असेल तर दिवस प्रॉमिनन्सचा. दुधाळ पांढरं असेल तर त्या दिवशी बिंबाकडे लक्ष द्या. धूळ, बाष्प, उंचावरचे पातळ ढग बिंबाचा प्रकाश भोवती पसरवतात आणि नेमका तोच उजेड प्रॉमिनन्सच्या मागे पडद्यासारखा येतो. आपल्याकडे पाऊस गेल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश धुतलेलं असतं, एप्रिल-मेमध्ये धुळीने भरलेलं. कोकणात हवा स्थिर असली तरी बाष्पामुळे हा पडदा बऱ्याचदा असतोच.

हा पडदा भेदायची युक्ती सापडली ती आपल्याच देशात, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाची वाट पटवर्धनांच्या जमखंडीवरून, विजापूरवरून पुढे गुंटूरकडे गेली. जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल ढगांच्या फटींतून वर्णपट घेत होते आणि गुंटूरला फ्रेंच खगोलविद ज्यूल जान्सेन. प्रॉमिनन्सच्या रेषा जान्सेनना इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्यांनी वर्णपटदर्शकाची फट सूर्याच्या कडेवर ठेवली आणि रेषा पुन्हा दिसल्या. कारण साधं आहे. आकाशाचा पांढरा उजेड वर्णपटात लांबवर पसरून पातळ होतो, प्रॉमिनन्सचा प्रकाश एका रेषेत असल्याने पातळ होत नाही. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे हेच केलं. तुमचा ०.७ अँगस्ट्रॉमचा फिल्टर जान्सेनचीच युक्ती वापरतो. आणि म्हणूनच आकाश फार दुधाळ झालं की ती युक्तीही अपुरी पडते.

हे सगळं ठीक असेल, फिलामेंट ठळक, कडा शांत, आकाश निळं, आणि तरी तो एकच प्रॉमिनन्स गायब असेल, तर सूर्याकडेच काहीतरी घडलंय. उदयपूर हे गाँग या सौर वेधशाळांच्या जागतिक जाळ्यातल्या सहा ठिकाणांपैकी एक आहे. या जाळ्याची ताजी एच-अल्फा चित्रं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. दुर्बीण मांडण्याआधीच मोबाइलवर ते चित्र बघायची सवय लावून घ्या. आज कडेवर मुळात काही आहे का, हे आधी माहीत असलं की निम्मी चिंता जाते.

'दोन दिवसांपूर्वी होता, आज नाही' या तक्रारीत बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. सूर्य आपल्या दृष्टीने दिवसाला साधारण १३ अंश फिरतो. ५० हजार किलोमीटर उंचीचा प्रॉमिनन्स कडेमागे २१ अंश जाईपर्यंत त्याचं टोक दिसत राहतं, म्हणजे जेमतेम दीड-पावणेदोन दिवस, आणि तेही दररोज थोडं थोडं बुडत. पूर्व कडेवरचा असेल तर तो बिंबावर येऊन फिलामेंट झालेला सापडेल. डायगोनलमध्ये, म्हणजे नजर काटकोनात वळवणाऱ्या आरशात, डावं-उजवं उलटतं, त्यामुळे पूर्व कुठली ते कळत नाही. तेव्हा माउंटचं ट्रॅकिंग बंद करा. बिंब ज्या बाजूला सरकू लागेल ती पश्चिम.

धागे खरे की सॉफ्टवेअरचे

रचना दिसायला लागली की पुढचा प्रश्न येतो. कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात जे धागे दिसतात ते सगळे खरे का?

सूर्यावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. ४० मिलिमीटरच्या दुर्बिणीची या तरंगलांबीला क्षमता चार आर्कसेकंदांच्या आसपास, म्हणजे तीन हजार किलोमीटर. १०० मिलिमीटरची असेल तर बाराशे. पृथ्वी तिथे नेऊन ठेवली तर ती साडेसतरा आर्कसेकंदांची दिसेल. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या हिनोदे उपग्रहाने दाखवलेले प्रॉमिनन्समधले खरे धागे काहीशे किलोमीटर जाडीचे आहेत. म्हणजे आपल्याला दिसतो तो एकेक धागा म्हणजे मुळात एक जुडी असते. त्याहून बारीक काही तुमच्या चित्रात दिसलं तर ते शार्पनिंगने तयार केलेलं असण्याची शक्यता जास्त.

माझी पद्धत अशी. एकाच व्हिडिओचे दोन भाग करायचे. पहिल्या निम्म्या फ्रेम्स वेगळ्या स्टॅक करायच्या, म्हणजे एकावर एक रचून त्यांचं एक चित्र करायचं, उरलेल्या निम्म्या वेगळ्या, दोन्हींवर तंतोतंत एकच शार्पनिंग. दोन्ही चित्रं एकाआड एक दाखवली की जो धागा दोन्हींत त्याच जागी आहे तो खरा. जो एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, तो खोडायचा. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या एका लाडक्या चित्रातले निम्मे धागे गेले. उरलेल्या निम्म्यांवर तेव्हापासून माझा पूर्ण विश्वास आहे.

एक्स्पोजर प्रॉमिनन्ससाठी लावा, बिंबासाठी नाही. बिंब पांढरंफटक जळालं तरी चालेल. कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर मात्र कायम बंद. चित्रावर समांतर पट्टे येत असतील तर ते सेन्सर आणि त्याच्यावरची काच यांच्यातले आहेत. कॅमेरा किंचित तिरका करणारा अडॅप्टर लावला की जातात.

हालचाल

टाइमलॅप्स करणाऱ्यांची तक्रार दोन टोकांची असते. एकतर काहीच हलत नाही, नाहीतर सगळंच हलतं.

काहीच हलत नसेल तर बहुधा वेळेचं गणित चुकलंय. शांत प्रॉमिनन्समध्ये आतला वायू सेकंदाला दहा-वीस किलोमीटरने वाहत असतो. वीसचा वेग धरला तर एक आर्कसेकंद सरकायला ३६ सेकंद आणि ४० मिलिमीटरच्या दुर्बिणीत जाणवेल इतकं सरकायला अडीच मिनिटं लागतात. आयपीसला डोळा लावून दोन मिनिटं बघितलं आणि हललं नाही, यात नवल नाही. तासभर तरी घ्या, दर अर्ध्या मिनिटाला एक छोटी क्लिप. उसळणारा प्रॉमिनन्स असेल तर सेकंदाला २०० किलोमीटरही सहज असतात. तिथे तेवढंच अंतर पंधरा सेकंदांत कापलं जातं. अशा वेळी अर्ध्या मिनिटाची क्लिप घेतलीत तर तिच्यातच सहा हजार किलोमीटर फासले जातात आणि रचना पुसट होते. क्लिप दहा सेकंदांच्या आत ठेवा.

सगळंच हलत असेल तर आधी माउंट बघा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या माउंटवर दृष्टिक्षेत्र हळूहळू फिरत राहतं आणि तासाभराच्या चित्रात प्रॉमिनन्स कलताना दिसतो. मग सॉफ्टवेअर बघा. फ्रेम्स जुळवताना त्याने प्रॉमिनन्सच धरला असेल तर प्रॉमिनन्स स्थिर आणि सूर्य डोलताना दिसेल. जुळवणी नेहमी बिंबाच्या कडेवर करा. वेग मोजून बघणं हीसुद्धा चांगली परीक्षा आहे. सूर्याचं गुरुत्व आपल्या सुमारे २८ पट आहे आणि ५० हजार किलोमीटरवरून मोकळेपणाने पडणारी वस्तू खाली पोचताना सेकंदाला १६० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. चुंबकीय कमानींवरून ओघळणारा वायू, ज्याला कोरोनल रेन म्हणतात, त्याहून बहुधा हळूच उतरतो. तुमच्या ओघळाचा वेग पाचशे आला तर आधी जुळवणी तपासा.

सगळ्यात जास्त फसवतो तो उजेडातला बदल. बऱ्याच दुर्बिणींत एटॅलॉन आत बसवलेला असतो आणि दृष्टिक्षेत्राच्या एका भागातच तो नेमका रेषेवर असतो. ट्रॅकिंग थोडं ढिलं असेल तर प्रॉमिनन्स त्या भागातून सरकताना उजळतो आणि मग विझतो. चित्रफितीत ते एखाद्या उद्रेकासारखं दिसतं. शंका आली की प्रॉमिनन्स मुद्दाम दृष्टिक्षेत्राच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन बघा. उजेड जागेबरोबर बदलला तर तो दुर्बिणीचा.

आणि ट्यूनिंगचं कडं खरं उपयोगी पडतं ते इथे. ६५६.२८ नॅनोमीटरला एक अँगस्ट्रॉम सरक म्हणजे आपल्या दिशेने (निळी बाजू) किंवा आपल्यापासून दूर (लाल बाजू) सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर वेग. ०.७ अँगस्ट्रॉमच्या फिल्टरला मधोमध लावलं असेल तर सोळा किलोमीटरच्या वेगालाच उजेड निम्म्यावर येतो. म्हणजे एखादी कमान मध्येच तुटलेली दिसली तर तिथे वायू नाही असं नव्हे, तो आपल्याकडे किंवा पलीकडे धावत असू शकतो. कडं हळूच एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला फिरवून बघा. तिरकं करून ट्यून होणारा एटॅलॉन तिरका केल्यावर फक्त निळ्याकडेच सरकतो, लालकडे जायला तो सरळ करत आणावा लागतो, हे ध्यानात ठेवा. निळी बाजू, मध्य आणि लाल बाजू अशा तीन क्लिप्स एकापाठोपाठ घेतल्या की आडव्या हालचालीबरोबर समोरासमोरची हालचालही हाती लागते.

एक सकाळ सांगतो. नैऋत्य कडेवर तीन दिवस एक कमान लटकत होती, मी रोज तिचं चित्र काढत होतो. चौथ्या दिवशी पावणेनऊच्या सुमाराला तिचा माथा उंच झालेला वाटला. दहा मिनिटांत पाय तसेच आणि माथा फिकट होत दिसेनासा. पत्रा तापला, असं मनात आलं, पण हिरवळीवर तर पत्रा नव्हता. बिंबावर नजर टाकली. मधला मोठा फिलामेंट कोळशासारखा काळा. कडा शांत. आकाश निळं. मग कडं निळ्या बाजूला वळवलं आणि अर्ध्या वळणात माथा परत आला, आधीपेक्षा उजळ, पाय मात्र आता पुसट. तो अर्धवट आपल्या दिशेने उसळत होता. मी दर मिनिटाला कड्याची खूण आणि माथ्याची उंची वहीत लिहीत राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी कडं कुठेही फिरवलं तरी माथा सापडेना. वायू पसरून विरळ झाला आणि तापून हायड्रोजनचं आयनीभवन झालं की एच-अल्फात दिसायला काही उरत नाही. बाहेर निघणाऱ्या प्रॉमिनन्सचा शेवट बहुधा असाच असतो. पायांजवळ मात्र अकरापर्यंत लालसर थेंब कमानीवरून परत उतरत होते.

त्या दिवशी माथा फिका पडल्यावर मी फोकसशी खेळत बसलो असतो तर हे सगळं हातचं गेलं असतं. म्हणून वहीत वेळेबरोबर कड्याची स्थिती लिहायला लागा. कड्यावर आणि नळीवर बारीक मार्करने एकेक रेघ मारली की पुरे.

आता उरला तो एक दोष, जो कुठल्याही वेळी दिसतो. आठलाही प्रॉमिनन्स फिका, साडेनऊलाही फिका, बिंब मंद आणि ठिपकेदार, गेल्या वर्षीपेक्षा स्पष्टपणे अंधारं. अशा वेळी आयपीस काढून, दुर्बीण सूर्यापासून पूर्ण वळवून, आतल्या ब्लॉकिंग फिल्टरच्या, म्हणजे नको असलेला उरलेला प्रकाश अडवणाऱ्या, काचेवर टॉर्च मारून बघा. चकचकीत आरशासारखी असली पाहिजे. तिच्यावर गंज चढल्यासारखे मळकट डाग किंवा कडेपासून आत येणारी बुरशीसारखी झाक दिसली तर थर खराब झालेत. आपल्या पावसाळ्यात दुर्बीण नुसत्या पेटीत ठेवली तर असं होऊ शकतं, म्हणून पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि ती रंग बदलली की तापवून कोरडी करावी. डाग पुसू नका, पुसून जात नाहीत. तो फिल्टर बदलून मिळेपर्यंत ती दुर्बीण सूर्याकडे वळवू नका.